सरत्या वर्षातील ठळक नोंदी: विभागाच्या अंकासाठी काय ठेवावे आणि काय गाळावे?

कळव्याचा तिवर
१६ जानेवारी २०२६, रात्री ९.४०

सर्वांना नमस्कार. मी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ठाण्यातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या विभागाचा वार्षिक अंक फेब्रुवारीत निघतो आणि त्यात अंतिम वर्षाच्या प्रत्येकाने ‘सरत्या वर्षातील माझ्या ठळक नोंदी’ या शीर्षकाखाली एक पान लिहायचे, अशी जुनी प्रथा आहे. एक पान म्हणजे तीनशे शब्द. मजकूर मंगळवारी, २० तारखेला, द्यायचा आहे. माझ्याजवळ पाच नोंदी आहेत आणि तीनशे शब्दांत जेमतेम दोन मावतील, म्हणून येथे विचारतो आहे.

वर्गातील काहींनी लिहिलेली पाने मी वाचली. ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेतील भित्तिपत्रक, दोन परिसंवादांची प्रमाणपत्रे, उन्हाळ्यातील प्रशिक्षण, एखाद्याचे नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतील यश, असा त्यांचा मजकूर आहे. ज्याने जे मिळवले ते कष्टानेच मिळवले आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु अशी चार पाने ओळीने वाचली आणि वरचे नाव झाकले, तर कोणते पान कोणाचे हे मला सांगता येईना. माझे पान तसे होऊ नये असे वाटते आणि त्याच वेळी ते विभागाच्या अंकात शोभेल की नाही, अशी धास्तीही वाटते.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. माझा प्रकल्प ठाणे खाडीच्या काठावरील तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, वाढीवर आहे. चेंदणीच्या मीठबंदरापासून पुढे, रीतसर परवानगी घेऊन, आम्ही दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असे सहा चौरस आखले आहेत. महिन्यातून एकदा तेथे जायचे, झाडे आणि नवी रोपे मोजायची, प्रत्येक खोडाचा छातीइतक्या उंचीवरचा, म्हणजे १.३ मीटरवरचा, घेर घ्यायचा आणि पाण्याची क्षारता नोंदवायची, एवढेच काम. सांगायला सोपे आहे. गुडघाभर चिखलात उभे राहून करायला तितके सोपे नाही.

पहिली नोंद ७ जुलैची. त्या दिवशी आमची पहिली फेरी होती आणि मी मोबाइलवर ओहोटीची वेळ पाहून सकाळी साडेनऊला बंदरावर पोचलो, तर खाडी काठोकाठ भरलेली. आमचे चौरस पाण्याखाली होते आणि तिवरांचे शेंडे तेवढे दिसत होते. नंतर कळले की मोबाइलवर मी भलत्याच बंदराचे वेळापत्रक उघडले होते. बंदरावर जाळे विणत बसलेले एक वृद्ध कोळी काका हे सर्व पाहत होते. त्यांनी विचारले, “काल काय खाल्लेस?” मी म्हणालो, साबुदाण्याची खिचडी. “म्हणजे काल एकादशी, आज बारस. बारा त्रिक छत्तीस, छत्तीसला चाराने भाग, नऊ. नऊला भरती. भरतीला खाडी मोजायला आलास होय?” तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते आणि तिच्या सहा तास मागे-पुढे ओहोटी असते, हे गणित मी एम.एस्सी.पर्यंत येऊनही ऐकलेले नव्हते. आदल्या दिवशीची आषाढी एकादशी मी घरी उपवास करून पाळली होती, पण तिचा माझ्या प्रकल्पाशी काही संबंध असेल असे मनातही आले नव्हते. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर भिंतीवरचे कॅलेंडर आले आहे आणि एकही फेरी वाया गेलेली नाही.

दुसरी नोंद सप्टेंबरातील. नोंदवही हातातून निसटून चिखलात पडली. वही धुऊन वाळवता आली, पण मी लिहीत होतो जेल पेनाने. अकरा पानांवरची शाई पसरून तिचे निळे ढग झाले आणि त्यांतून आकडे ओळखणे अशक्य झाले. विशेष असे की त्याच वहीच्या मागच्या पानावर कोणीतरी शिसपेन्सिलीने लिहिलेला वडापावांचा हिशेब जसाच्या तसा शाबूत होता. आता आमच्या गटात खाडीवर पेन नेण्यास बंदी आहे.

तिसरी नोंद वडिलांविषयीची आहे आणि खरी अडचण तिचीच आहे. नोव्हेंबरातील एका रविवारी माझा जोडीदार आजारी पडला आणि टेपचे दुसरे टोक धरायला कोणी नव्हते, म्हणून बाबा आले. ते वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात तपासणी विभागात एकतीस वर्षे होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. मी नेमका काय शिकतो हे त्यांनी कधी विचारले नव्हते आणि मीही कधी सांगितले नव्हते. तासभर त्यांनी निमूटपणे टेप धरला. मग एका वाकड्या खोडापाशी थांबून म्हणाले, “खोड तिरके आहे आणि तू टेप जमिनीला समांतर धरतो आहेस. माप जास्त येणार. खोडाला काटकोनात धर.” आम्ही दोन्ही प्रकारे मोजून पाहिले. त्या एका झाडात चार सेंटीमीटरचा फरक निघाला. तिवराची खोडे क्वचितच सरळ असतात; म्हणजे जुलैपासूनची माझी कित्येक मापे फुगलेली होती. पुढच्या दोन फेऱ्यांत आम्ही सत्तेचाळीस वाकडी खोडे पुन्हा मोजली.

चौथी नोंद अगदी लहान आहे. तिवर जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतो आणि उन्हात ते पानावर बारीक पांढऱ्या कणांच्या रूपात दिसते. मी पहिल्या वर्षाला असताना मॅडमनी मला पान चाटायला लावले होते. या वर्षी पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला मी तेच करायला सांगितले. तिने चाटले, तोंड वाकडे केले आणि लगेच दुसरे पान तोडून चाटले.

पाचवी नोंद म्हणजे नेट. जूनच्या सत्रात मी बसलो आणि थोडक्यात राहिलो.

माझी कसोटी अशी आहे की, ज्या दिवसानंतर माझी काम करण्याची रीत बदलली तो दिवस ठळक मानावा. परंतु या कसोटीने विभागाचे पान वडिलांच्या टेपने भरून जाते आणि नेटला त्यात जागाच उरत नाही. आपण काय ठेवले असते? शक्य असल्यास आपल्या वर्षातील एखादी नोंदही सांगावी.


नौपाड्याचे मास्तर
१७ जानेवारी २०२६, सकाळी ७.१५

मी एका महाविद्यालयात मराठी शिकवत असे आणि बावीस वर्षे तेथील वार्षिकांकाच्या संपादक मंडळावर होतो, त्यामुळे अशा पानांचे किती गठ्ठे माझ्या हातांखालून गेले असतील याचा हिशेब ठेवलेला नाही. आपण विचारले आहे म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नाव झाकल्यावर पान कोणाचे ते ओळखू येत नाही, ही आपली तक्रार मला मान्य आहे; पण तिचे खापर प्रमाणपत्रांवर फोडू नये. प्रमाणपत्राविषयीही ओळखू येण्याजोगे लिहिता येते. भित्तिपत्रक लावायला गेलेल्या मुलाला खिळे मिळाले नाहीत आणि त्याने शेजारच्या स्पर्धकाकडून चार टाचण्या उसन्या घेतल्या, असे त्याने लिहिले असते तर ते पान त्याचेच राहिले असते. मुले असे लिहीत नाहीत, कारण ‘अविस्मरणीय’ हा शब्द एकदा लिहिला की आठवण्याचे काम संपले असा त्यांचा समज असतो. मी संपादक असताना तो शब्द दिसला की लाल शाईने कापत असे आणि त्याच्या जागी काय घडले ते लिहून आणण्यास सांगत असे. निम्मी मुले परत येत नसत.

आता आपल्या कसोटीविषयी. कामाची रीत बदलली तोच दिवस ठळक, हे फार काटकसरी मोजमाप आहे. त्या मापाने मिठाचे पान बाद होते, कारण ते चाटल्याने आपल्या प्रकल्पात काहीच बदलले नाही. तरीही पाच नोंदी सांगताना आपण ती गाळू शकला नाहीत. मुलीने लगेच दुसरे पान तोडले, हे आपण पाहिले आणि लक्षात ठेवले. वर्षाच्या शेवटी मनात जे आपोआप वर येते त्यालाही काही हक्क असतो. सगळ्यांनाच ‘याचा पुढे काय उपयोग झाला’ असे विचारत बसू नये.

नेटच्या नोंदीला आपण एक ओळ दिली आहे. जी गोष्ट आपण येथे अनोळखी लोकांना सांगतानाही एका ओळीत उरकली, ती अजून आपल्या मनात मुरलेली नाही. अपयश लिहिणे प्रामाणिकपणाचे असते असे मानून ती बळेच घालू नये. दोन वर्षांनी कदाचित तिच्यावर एक पान लिहाल. आज तिच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही.

वडिलांची नोंद मात्र ठेवाच. विभागाच्या अंकात ती शोभेल की नाही, ही शंका मला समजत नाही, कारण खोडाला काटकोनात टेप धरणे ही निखळ वनस्पतिशास्त्राची गोष्ट आहे आणि आपल्या विभागातील पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या पानावरून ती शिकता येईल. फक्त एक पथ्य पाळावे. वडील काय म्हणाले ते लिहावे, आपल्याला काय वाटले ते लिहू नये. ‘माझे डोळे पाणावले’ हे वाक्य आपल्या लेखणीच्या टोकाशी येऊन थांबले असेल, तर त्याला तेथेच थांबू द्यावे.


रबाळे–ठाणे पासधारक
१७ जानेवारी २०२६, सकाळी ८.५०

माझे मत थोडे रोखठोक आहे. विभागाचा अंक विभागातच वाचला जातो. पुढे नोकरीच्या किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीत विचारतात ती प्रमाणपत्रांची यादी. ती यादी अर्जात द्यावी लागतेच, तेव्हा तिच्यासाठी हे पान खर्ची घालू नये, इथपर्यंत मी आपल्या बाजूने आहे. परंतु यादी वेगळी करून आजच जपून ठेवा. मी ठेवली नाही आणि पदवीनंतर तीन वर्षांनी एका परिसंवादाची तारीख शोधण्यासाठी माळ्यावरचे दोन खोके उपसावे लागले. बाकी लेखनातले मला फारसे कळत नाही.


चेंदणीकर
१७ जानेवारी २०२६, दुपारी ३.३०

आमच्या कोळीवाड्यातील काकांनी तिथीचे गणित सांगितले हे वाचून बरे वाटले, म्हणून लिहितो. मी स्वतः अभियंता आहे आणि खाडीवर उपजीविका करणारी आमच्या घरातील शेवटची पिढी आजोबांची. पण आजीबरोबर निवट्या, म्हणजे चिखलातले लहान मासे, पकडायला मी लहानपणी गेलेलो आहे आणि सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ तिने कधी घड्याळात पाहिली नाही, कारण तिला घड्याळ वाचता येत नव्हते.

गणिताविषयी दोन गोष्टी जोडतो, आपल्याला प्रकल्पात उपयोगी पडतील. पहिली अशी की पाऊणपटीने येणारी वेळ ढोबळमानाने मुंबईच्या समुद्रकाठची असते. पाणी खाडीच्या रुंद मुखातून आत, चिंचोळ्या होत जाणाऱ्या पात्रातून सरकत ठाण्यापर्यंत येते, त्यामुळे आमच्या बंदरावर भरती त्यानंतर थोडी उशिराच लागते. अर्धा तास हाताशी धरावा. आपण बारशीला साडेनऊला पोचलात आणि खाडी काठोकाठ भरलेली दिसली, त्याचे कारण हेच. दुसरी गोष्ट भांगाची, म्हणजे कमी जोराच्या भरती-ओहोटीची. अष्टमीच्या आसपास सुकती दुपारी बाराला येते, ती वेळ विद्यार्थ्यांना फार सोयीची वाटते; पण ती भांगाची सुकती असते आणि पाणी पुरेसे मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी खूप मागे जाते, मात्र तेव्हा सुकती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. यातला सुवर्णमध्य म्हणजे द्वितीया-तृतीया. सकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान सुकती मिळते, उजेड असतो आणि उधाणाचा जोरही पुरता ओसरलेला नसतो.

आता थोडी तक्रार, रागावू नये. आपल्या पहिल्या नोंदीत काका एका गणितापुरते येतात आणि निघून जातात. ते जाळे विणत होते असे आपण लिहिले आहे. कशाचे जाळे होते? आता त्या पाण्यात त्यांना काय मिळते? माझ्या आठवणीत जिताडा हा मोठा मासा घरी यायचा आणि त्या दिवशी शेजारी वाटा पाठवावा लागायचा. आजची परिस्थिती त्यांना विचारून पाहा. आपण महिन्यातून एकदा ज्या खाडीवर जाता तेथे ते रोज असतात आणि आपल्या सहा चौरसांत गेल्या चाळीस वर्षांत तिवर किती पुढे सरकला, हे सांगू शकणारा दुसरा साक्षीदार आपल्याला मिळणार नाही. काठावर जेथे आमची आजी मोकळ्या चिखलात उतरत असे, तेथे आज दाट तिवर आहे, एवढे मी स्वतः सांगतो.


पेंधरची प्रवासी
१८ जानेवारी २०२६, रात्री ११.०५

मी इतिहासात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तळोज्याहून ठाण्याला येते. गेल्या जूनमध्ये आम्ही तळोज्याला राहायला आलो, तेव्हापासून पेंधर ते बेलापूर मेट्रो आणि बेलापूरहून ठाण्याची लोकल, असा रोजचा प्रवास आहे. आमच्याकडे वार्षिकांक नाही, पण आमच्या गटाने आपापसांत अशीच एक पानाची वही केली आणि मीही आपल्यासारखीच अडले.

माझ्या पहिल्या मसुद्यात सर्वांत वर ८ ऑक्टोबरचे नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन होते. एका मैत्रिणीने विचारले, “तू तेथे होतीस का?” मी नव्हते. मी त्या दिवशी घरी बसून टिपणे काढत होते. शहराची ठळक बातमी मी माझ्या नावावर जमा करून टाकली होती, ती काढली. मेट्रोची नोंद मात्र ठेवली, जरी ती सुरू झाली १७ नोव्हेंबर २०२३ ला आणि गेल्या वर्षाशी तिचा कागदोपत्री काही संबंध नाही. अकरा स्थानकांचा हा अकरा किलोमीटरचा मार्ग आहे आणि सकाळी पेंधरला चढले की बसायला हमखास जागा मिळते, कारण गाडी तेथूनच सुटते. त्या बसलेल्या वेळेत मी मोडी लिपी शिकले. म्हणून ती माझी नोंद.

मोडीविषयी थोडे सांगते, कारण आपण दुसऱ्याची नोंद मागितली आहे. सुटीच्या दिवशीच्या वर्गात आम्हाला जुन्या कागदांच्या छायाप्रती सरावाला देत. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो, त्यामुळे शब्द कोठे संपला हे अर्थ लागल्याशिवाय कळत नाही आणि शब्द सुटल्याशिवाय अर्थ लागत नाही. दोन महिने मी अक्षरांचा तक्ता शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवत होते. ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुटीआधीच्या आठवड्यात, बेलापूरला उतरण्याच्या बेतात असताना मांडीवरच्या कागदावर नजर गेली आणि ‘गहाण’ हा शब्द तक्त्याशिवाय दिसला. वाचला असे म्हणत नाही, दिसला. आपल्याला दुकानाची पाटी दिसते तसा. तो एका मिठागराच्या गहाणखताचा कागद होता. ‘गहाण’ सुटल्यावर पुढचे ‘मिठागर’ आपोआप सुटले, मग ‘रुपये’, आणि तोवर लोकल गेली होती.

घरी सांगितले तेव्हा आईने पहिला प्रश्न केला की एका शब्दाचे एवढे काय. तिला पूर्ण वाक्य वाचून दाखवले, तेव्हा तिने विचारले की पुढे ते मिठागर सोडवले का. मला ते माहीत नव्हते, कारण आमच्या हाती एकच पान होते. गेल्या महिन्यात मी शिक्षकांकडे उरलेली पाने मागितली आणि आता माझा शोधप्रकल्पच त्या परिसरातील मिठागरांवर आहे.

मास्तरांच्या एका मुद्द्याला माझी पुस्ती आहे. ‘आपल्याला काय वाटले ते लिहू नये’ हे पथ्य चांगले आहे, पण ते वडिलांच्या नोंदीपुरतेच ठेवावे. वहीची शाई पसरली तेव्हा आपल्याला काय वाटले, हे आपण अजिबात सांगितलेले नाही आणि तेथून थेट वडापावांच्या हिशेबावर विनोद केला आहे. अकरा पाने गेली. माझी गेली असती तर मी रडले असते.


नौपाड्याचे मास्तर
१९ जानेवारी २०२६, सकाळी ७.०५

पेंधरच्या ताईंची दुरुस्ती मान्य. विद्यार्थ्यांना पथ्ये सांगण्याची सवय सुटता सुटत नाही. ‘दिसला’ हे क्रियापद मात्र त्यांनी फार नेमके वापरले आहे.


कळव्याचा तिवर
१९ जानेवारी २०२६, रात्री १०.२०

सर्वांचे मनापासून आभार. मजकूर आज सायंकाळी पूर्ण केला, तीनशे बारा शब्द झाले आहेत आणि मॅडमनी वरचे बारा माफ केले.

चेंदणीकरांच्या तक्रारीवरून काल मुद्दाम बंदरावर गेलो. काम काही नव्हते, चौरसही मोजायचे नव्हते. काका होते. जाळे कोळंबीचे होते. जिताड्याविषयी विचारले तेव्हा त्यांनी पाण्याकडे न पाहता माझ्या गमबुटांकडे पाहिले आणि म्हणाले की शेवटचा मोठा जिताडा कधी मिळाला ते आठवण्यासाठी त्यांना धाकट्या मुलीच्या लग्नाचे साल आठवावे लागेल. मग ते साल आठवत बसले आणि त्यातून लग्नाची पंगत, त्या वेळचे बंदर, मीठ वाहून नेणारे मचवे, असे बरेच निघाले. तिवर कोठपर्यंत होता हे त्यांनी काठीने दाखवले. आमचा चौथा, पाचवा आणि सहावा चौरस त्यांच्या तरुणपणी उघडा चिखल होता, असे ते म्हणतात. आमच्या मापांतही त्याच तीन चौरसांतील खोडांचे घेर लहान आहेत. मी जुलैपासून त्याचे कारण क्षारतेच्या आकड्यांत शोधत होतो. ती झाडे मुळात वयानेच लहान असण्याची शक्यता मी तपासलीच नव्हती. मॅडमना आज सांगितले, तर त्यांनी जुने नकाशे आणि उपग्रहचित्रे काढून पडताळा घ्यायला सांगितले आहे. केवळ आठवणीवर निष्कर्ष काढता येणार नाही, पण कोठे पाहायचे हे तरी आता ठाऊक झाले.

पानावर शेवटी दोनच नोंदी गेल्या. काकांची आणि बाबांची. ‘आज बारस’ पासून सुरुवात केली आणि काटकोनापाशी थांबलो. बाबांविषयी मला काय वाटले ते लिहिलेले नाही. वहीविषयी काय वाटले ते मात्र कंसात एका वाक्यात घातले होते, शब्द वाढले म्हणून काढावे लागले. येथे सांगतो, त्या रात्री मी जेवलो नव्हतो.

नेट गाळली. डिसेंबरच्या सत्रातही बसलो आहे, त्याचे काय होते ते होईल. प्रमाणपत्रांची यादी रबाळेकरांच्या सल्ल्याप्रमाणे वेगळी करून ठेवली आणि ती करताना एका कार्यशाळेचे प्रमाणपत्र माझ्याकडे आलेच नाही हे लक्षात आले.

मिठाच्या पानाची नोंद ठेवण्याचा मोह फार झाला होता, विशेषतः मास्तरांचे उत्तर वाचल्यावर. पण या वेळी पहिल्या वर्षाच्या मुलांकडूनही अंकासाठी चार-चार ओळी घेतल्या आहेत आणि त्या संकलित करण्याचे काम माझ्याकडे आहे. त्या विद्यार्थिनीने आपल्या चार ओळी त्या पानावरच लिहिल्या आहेत. दुसरे पान तिने का तोडले, तेही त्यात आहे: पहिल्या पानाला तिच्या हाताचा घाम लागला असावा, म्हणून खात्री करायची होती. मला वाटले होते की तिला चव आवडली. ती नोंद तिचीच आहे, मी ती घेतली नाही.

परवा बुधवारी तृतीया. तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. सहा तास मागे सव्वाआठ आणि चेंदणीकरांचा वरचा अर्धा तास, म्हणजे पावणेनऊ. आठच्या आत बंदरावर असले पाहिजे. जोडीदार बरा झाला आहे, तरी बाबा येणार आहेत. त्यांनी काल स्टेशनाबाहेरून स्वतःसाठी गमबूट आणले, एक नंबर मोठे, कारण आत दोन मोजे घालावे लागतील असा त्यांचा हिशेब आहे.